उतरलेला गांधार

द्रौपदीबाईंचे यजमान शिवदास गेले आणि त्यांची पेटीही विकली गेली. त्यांनी कानाने लावलेले सूर तरी राहावेत, म्हणून विक्रोळीच्या घरी द्रौपदीबाई गुणगुणायच्या आणि नात दर्शना लॅपटॉपवरच्या पियानोत सूर जुळवून प्रत्येकाचा आकडा फाइलमध्ये साठवायची. गांधार मात्र उतरलेलाच राहिला.

"डोकं आउट झालं, आजी. जेवून बघू."

जेवून फाइल उघडली, तर गांधार थोडा चढलेला.

"तू हात लावलास?"

"मला कुठे येतंय गं?"

दर्शनाने फाइल बंद करून पुन्हा उघडली. आता गांधार अगदी शिवदासांचा होता.

सूर लागला, की शिवदास पेटी मिटून उठायचे.

द्रौपदीबाईंनी पदर सावरला. "अहो, अजून जरा उतरलेला आहे," त्या खोटंच म्हणाल्या.

पडद्यावरचा आकडा दोघींच्या देखत सरकला.