हात हालवत या

ज्योत्स्नाने आपल्या साखरपुड्याचा मोबाइलवरचा निरोप मोठ्या हौसेने आजीला वाचून दाखवला. "संध्याकाळी साक्षगंधाला येताना प्रत्येकाने आपापलं ताट घरून आणावं. आमच्याकडे प्लास्टिक-थर्माकोलच्या प्लेटा नसतील."

कणीक भिजवणाऱ्या इंदूबाईंचा हात परातीतच थांबला.

"गेला का हा निरोप?"

"सकाळीच गेला. सगळ्यायले आवडला."

पोरीचं तरी काय चुकलं म्हणा! चुलतभावाच्या लग्नानंतर गल्लीमागच्या नाल्यात खरकट्या प्लेटांचा असा थर साचला की घाण पाणी लोकांच्या दारात आलं. त्याच प्लेटा खाऊन एक गाय पोट फुगून मेली. ज्योत्स्नाने ती डोळ्यांनी पाहिली होती, तेव्हाच तिने ठरवलं, आपल्या कार्यात हा कचरा नाही म्हणजे नाही. अमरावतीच्या कॉलेजात शिकवते ती. वर्गात सांगते तसं घरी वागते, हे तिचं मोठंच आहे.

"आजी, काहून थांबली तू?"

इंदूबाईंनी हात धुतले. अमुक बस अमुक वाजता येते, असं सांगावं तशा आवाजात त्या बोलल्या.

"आमी लहान होतो, तवा मालकाच्या घरी पंगतीले जाओ. काखोटीत आपलं ताट घेऊन. कुंपनापाशी बसवत आमाले. वाढनारा वरूनच टाके. जेवन झालं का ताट आपलं आपन घासाचं अन् घरी न्याचं. त्यायचं ताट आमच्या हातानं बाटे ना!"

ज्योत्स्नाला हे नवीन नव्हतं. भाषणांत ऐकलेलं, पुस्तकांत वाचलेलं. पण त्या काखोटीतलं ताट आपल्याच आजीचं होतं, हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. तिला रडूच कोसळलं.

"मी आत्ताच्या आत्ता प्लेटा मागवते, आजी."

"अव थांब! प्लेटा काहून? तुहं म्हननं बराबर आहे. तो कचरा माह्या दारात नको. पन पाव्हना काखोटीत ताट घेऊन आला, हे बी मले चालनार नाई." इंदूबाईंनी पदर खोचला. "ताट आपन देऊ."

"एवढी ताटं आणाची कुठून?"

"गल्ली कशाले आहे?"

अन् काय सांगावं, गुडघ्यांनी बेजार झालेली ही बाई परतवाड्याच्या भर उन्हात घरोघर हिंडली. नात मागून पोतं घेऊन. कोणी नाही म्हटलं नाही. शेजारच्या पार्वताबाईंनी तर मुलाच्या लग्नातली कोरी ताटं माळ्यावरून उतरवली. "सुनेलेबी हात लावू देल्ला नाई आजवर," असं म्हणत त्यांनी ती स्वतः पुसून दिली. दुपार कलायच्या आत ओसरीवर स्टीलच्या ताटांची चळत उभी राहिली, प्रत्येक ताटावर वेगळ्या घराचं नाव कोरलेलं. मग ज्योत्स्नाने दुसरा निरोप पाठवला. शब्द आजीचे होते. "ताट आणू नका. हात हालवत या."

संध्याकाळी बुद्धवंदना झाली, अंगठ्या घातल्या गेल्या, अंगणात पंगत बसली. वरणाचा वास गल्लीभर गेला. इंदूबाई वाढणाऱ्यांवर नजर ठेवून फिरत होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं.

कुंपणाला टेकून नत्थुजी बसला होता. इंदूबाईंच्या माहेरगावचा, नात्याने भाऊ. लहानपणी त्याच पंगतींना त्यांच्यासोबत जाणारा. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. पहिला निरोप त्याला कोणीतरी सांगितला, दुसरा सांगायचा राहून गेला. काखोटीत जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पोचे आलेलं ताट होतं.

"भाऊ, इथी काहून बसले?"

"ताट आनाचं म्हनलं होतं ना, बाई. आनलं." नत्थुजी स्वतःच गोंधळला. "अन् मंग इथीच बसलो."

पंगतीत होणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेली ज्योत्स्ना नव्या साडीचा घोळ सावरत उठली, फाटकापर्यंत आली आणि तिने ते ताट नत्थुजीच्या हातातून काढून घेतलं.

"आजोबा, तुमी माह्या जागेवर बसा. मले हे ताट पाह्यजे."

तिने त्याला हाताला धरून नवरदेवाच्या शेजारी बसवलं. त्याच्यापुढे पार्वताबाईंचं कोरं ताट, त्यात वरणभात, वर तुपाची धार. ती स्वतः पंगतीच्या टोकाला बसली आणि त्या पोचे आलेल्या ताटात पोटभर जेवली. तिच्या होणाऱ्या सासूने एकदा वाकून ते ताट पाहिलं, पण विचारलं काही नाही. आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

जेवण झाल्यावर नत्थुजी ताट उचलून नळ शोधू लागला. इंदूबाई आडव्या आल्या.

"ठेवा ते खाली! या घरी पाव्हना ताट घासत नाई."

त्याने ठेवलं. निघताना मात्र तो फाटकाशी घुटमळला.

"बाई, माहं ताट?"

"ते आता ज्योत्स्नाचं झालं. ते तिच्यासंग सासरी जाईन."

"मंग मी घरी काय नेऊ?"

"काई नका नेऊ, भाऊ. हात हालवत जा."

नत्थुजी रस्त्यावर आला. काख मोकळी, हात मोकळे. त्यांचं काय करावं, ते त्याला कळेना. थोडं अंतर तो तसाच अवघडून चालला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मालक शेत पाहायला निघतो तसा, रस्त्याच्या मधून, सावकाश घरी गेला.