टेकडीवरची रेंज

माण तालुक्यातल्या एका वाडीत रेंज फक्त टेकडीवर यायची. बांधावरून धाकट्या भावाशी जुंपली, की गुंडा शेजारगावच्या मेहुण्यांना बोलवायला फोन घेऊन तरातरा टेकडी चढायचा. वर पोचेपर्यंत दम लागून राग उतरायचा, आणि "जाऊ दे, भाऊच हाय" म्हणत तो फोन न लावताच माघारी यायचा.

यंदा वाडीतच फाइव्ह-जीचा टॉवर आला. "आता क्षणाचाबी उशीर न्हाई," बसवणारा म्हणाला.

काल जुंपली तसा गुंडानं बांधावरनंच फोन लावला, "कुऱ्हाडी घिऊन या रं!" मेहुणे धुरळा उडवत आले आणि पहिला घाव गुंडानंच घातला. भाऊ जागीच मेला, तसा गुंडा पोलिसांच्या भीतीनं टेकडीकडं पळाला.

 

वर पोचला, दम लागून मटकन खाली बसला, आणि नेहमीसारखा त्याचा राग उतरला.