सासूच्या नावाचा कोळी

"बघू तरी माझ्या नावाचा कोळी," म्हणत अबिएरोने मासळीचे हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि लेकीकडून छापील कागद घेतला.

जावई, ओगोला, अंगणातल्या चिंचेखाली घराकडे पाठ करून बसला होता. सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. अख्ख्या रुसिंगा बेटावर हीच रीत. मधे लेक अपोंडी, निरोप वाहून वाहून घामाघूम.

कोळी अबिएरोच्याच भिंतीवर सापडलेला. तांदळाएवढा, टुणटुण उड्या मारत डास धरणारा. जगात कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. कोळी शोधत फिरणाऱ्या ओगोलाने दिलं, सासूचं. सकाळपासून अबिएरो बाजारभर सांगत सुटली होती, आता गोऱ्यांच्या देशातसुद्धा माझं नाव घेणार म्हणून!

कागदावर एकच मोठं चित्र. दोन भोकं, त्यामागे वेटोळ्या नळ्या. खाली तिचं नाव.

"हे काय गं, सडक्या माशाचं तोंड?"

"तोंड नाही, आई."

"मग? डोळे?"

"डोळेही नाहीत."

"अगं मग आहे तरी काय? विचार त्याला!"

अपोंडी चिंचेखाली गेली. ओगोलाने घसा खाकरला. "सांग त्यांना, तोंडं सगळ्यांची सारखीच असतात. मादीची जात ओळखायची ती... तिथूनच."

अपोंडी परत आली आणि आईच्या कानात कुजबुजली.

"शी!" अबिएरोने भिरकावलेला कागद वाळत घातलेल्या ओमेना मासळीत जाऊन पडला. ती पचकन थुंकली. "जावयाने सासूकडे मान वर करून बघायचं नाही, आणि या मेल्याने भिंग लावून बघितलं! वर चित्र काढलं! खाली माझं नाव!"

"आई, कोळी शोधणाऱ्यांत हा फार मोठा मान असतो."

"एवढा मान आहे तर स्वतःच्या आईचं घालायचं होतं म्हणावं!"

हा निरोप न्यावा लागला नाही. ओगोलाची पाठ ताठ झाली.

"नाव खोडायला सांग. आत्ताच्या आत्ता."

अपोंडी गेली, आली. "खोडता येत नाही म्हणतायत. एकदा छापलं की छापलं. उद्या दुसऱ्या कुणी दुसरं नाव दिलं, तरी पहिलंच धरतात."

"मी मेल्यावर?"

"तरी."

अबिएरो मटकन उंबऱ्यावर बसली. माशाचं पित्त चावल्यासारखं तिचं तोंड झालं.

कुंपणापलीकडून शेजारणींनी हाक मारली, "काय गं अबिएरो, आला का कागद? आम्हालाही दाखव की!"

"नाही आला!" ती खेकसली, आणि पायाने चार ओमेना कागदावर ढकलल्या.

तेवढ्यात दाराच्या चौकटीवर तिला तसल्याच कोळ्याची एक मादी दिसली, तांदळाएवढी. अबिएरोने पायातली चप्पल काढून उगारली. मादी गर्रकन वळली आणि सगळे डोळे रोखून अबिएरोकडे बघत राहिली.

चप्पल न मारताच खाली आली. अबिएरोने तोंड वाकडं केलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि तिच्यावर धरला.

"अंग झाक, भवाने," ती म्हणाली. "माझं नाव लावतेस आता."