शहाण्णव टक्के

बाळ स्तन किती नीट धरतंय ते मोजणारी, वृषालीच्या छातीवर चिकटवलेली पट्टी पुन्हा बोलली, "पकड उत्तम. शहाण्णव टक्के."

बाळ चोखताना टकटक आवाज करत होतं. वृषालीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, आणि जन्मल्यापासून चार दिवसांत बाळाचं वजन साडेतीनशे ग्रॅमने उतरलं होतं.

"पट्टी चुकत नाही," डॉक्टर सबनीस म्हणाले. "तुम्ही उगाच ताण घेताय."

"तुम्ही त्याच्या तोंडात बघितलंत का?"

"आता तसं बघावं लागत नाही."

वृषालीने पट्टी ओरबाडून काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मग हिलाच पाजू दे त्याला."

आवाज ऐकून सिस्टर पठारे आल्या. पट्ट्या आल्यापासून सिस्टरांना बाळंतिणींच्या कामावरून काढून औषधांच्या कपाटाचं काम दिलं होतं. त्यांनी हातमोजा चढवला आणि करंगळी बाळाच्या जिभेखाली फिरवली.

"जीभ खाली बांधलेली आहे. पुढे येतच नाही, तर धरणार कशाने? वरच्या मजल्यावरच्या सर्जनना बोलवा. जिभेखालचा पडदा कापून जीभ मोकळी करतील."

सबनीस खाली मान घालून फोन लावू लागले. तोवर सिस्टरांनी वृषालीला दूध वाटीत काढायला लावलं आणि चमच्याने बाळाला पाजलं. बाळ घटाघट प्यायलं. ते बघून वृषालीचा राग निवला नाही, उलट वाढला. चार दिवस ते उपाशी होतं, आणि सगळे तिलाच समजावत होते.

शेजारच्या खाटेवरचं बाळ सकाळपासून किरकिरत होतं. तिथली पट्टी अठ्ठ्याण्णव सांगत होती.

"डॉक्टर," वृषाली म्हणाली, "हात धुवून या. ते बाळ तुम्ही तपासायचंय."