ईस्टरची मेणबत्ती

ईस्टरच्या पहाटेची प्रार्थना संपली आणि प्रत्येकानं आपली पेटती मेणबत्ती आपल्या माणसाच्या कबरीवर ठेवली. पाववाल्याची बायको मात्र ज्योतीला हाताचा आडोसा करून तरातरा चालू लागली. "आई, बाबांच्या कबरीवर ठेवायची राहिली!" सून मागून धावली. पण ऐकेल ती सासू कसली! तिनं थेट बेकरीचं कुलूप काढलं. नवरा गेल्यापासून तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्यानं भट्टीत रचलेली लाकडं अजून तशीच होती. तिनं त्यांनाच मेणबत्ती लावली. "अहो आई, देवाची ज्योत ती! पाव भाजायला?" "अगं, कबरीतून उठल्यावर प्रभूनंसुद्धा आधी खायलाच मागितलं होतं." लाकडं तडतडली. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला तिनं दटावलं, "पहिला पाव करपला, तर नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवते!" सुनेनं हसत बाह्या सरसावल्या. "पीठ किती मळू, आई?" "किती म्हणजे? रोजच्याइतकं!"