डावा मोजा

मलेरियाचा जंतू रक्तात एक द्रव्य तयार करतो, ते अंगाच्या वासात उतरतं आणि डासांना ओढून आणतं, हे संशोधिकेला सिद्ध करायचं होतं. म्हणून काचेच्या पेटीत एका टोकाला तिने आपल्या धडधाकट लेकीचा मोजा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला वॉर्डात तापाने फणफणलेल्या पोराचा.

लेकीच्या मोज्याकडे डासांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पोराच्या मोज्यावर मात्र नुसती झुंबड उडाली.

"पडलं बाई एकदाचं पदरात," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. संशोधिकेला तर हसू आवरेना.

तेवढ्यात त्या पोराची आई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तेवढा मोजा परत देता?"

"देते की. सोडलं का त्याला घरी?"

"खाली गाडी उभी आहे."

"मग उद्या स्वच्छ धुऊनच देते ना. एका मोज्याची एवढी काय घाई?"



"थंडी फार वाजायची हो त्याला. मातीत ठेवताना एक पाय उघडा नको."