पंप वेगळा, पेपर वेगळा

"वजा," काका म्हणाले. "तिथे अधिक कशाला घातलंस? वजा."

तिने खोडरबर उचलला. त्या जागी कागद आधीच खोडून खोडून पातळ झाला होता.

केमिस्ट्रीच्या लॅबमागे स्टोअररूम होती, तिथे ते दोघं बसले होते. काका लॅबचे अटेंडंट. हातात ब्रश, समोर बादलीत काचेच्या नळ्या, अंगात पांढरा कोट, कोपरावर ॲसिडने पाडलेलं भोक. ती स्टुलावर, वही मांडीवर.

फिजिक्स तिचं कसंबसं सुटलं होतं. फिजिकल केमिस्ट्री दोनदा राहिली होती. दोन्ही वेळा गणितं तिने कोरीच सोडली होती. बाबांनी साफ सांगून टाकलं होतं, "या वेळी नाही सुटली तर दुकानात बसायचं." दुकान झेरॉक्सचं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्स काचेवर पालथ्या घालायच्या.

आधी ती सरांकडे गेली होती. सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही.

"वर्गात झालंय ते."

"सर, मी तेव्हा आजारी होते."

"मग तो तुझा प्रॉब्लेम."

"प्रॉब्लेमच तर घेऊन आलेय, सर."

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. तिने ते दार असं आपटलं की शेजारच्या स्टोअररूममधून काका बाहेर आले. तिच्या हातातल्या कागदाची पहिली ओळ बघून म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीचा, पाचवा प्रश्न. आठ मार्कांचा. ये, बस."

तेव्हापासून महिनाभर ती रोज दुपारी येत होती.

कुठल्या वर्षी काय आलं ते काकांना तोंडपाठ होतं, आकड्यांसकट. तिने एकदा विचारलंही, "तुमच्या कसं लक्षात राहतं?"

"दर वर्षी डोळ्यांखालून जातात ना पेपर."

पोरं त्यांना पीएचडी काका म्हणायची. वरच्या वर्गातल्या दोघींना तिने सांगितलं, मी त्यांच्याकडे शिकते, तर त्या एकमेकींकडे बघून खिदळल्या.

"पीएचडीकडे? मग झालंच तुझं!"

"दात काढायला काय झालं?" ती उखडली. त्या अजूनच हसल्या. शिपायासारख्या दिसणाऱ्या माणसाकडून शिकायचं म्हणजे यांना कमीपणा वाटतो, तिच्या मनात आलं. असू दे. काका निदान मान वर करून बोलतात.

"पुन्हा वाच," काका म्हणाले.

तिने वाचलं. "वायू दाबला. त्याच्यावर तीनशे ज्यूल काम केलं. शंभर ज्यूल उष्णता बाहेर गेली. आतल्या ऊर्जेत बदल किती?"

"गेलेली उष्णता वजा. काम वजा. किती झालं?"

"वजा चारशे." ती पेन चावत बसली. "पण काका, सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो. म्हणजे दाबलं की ऊर्जा आत जाते ना? मग काम अधिक पाहिजे. उत्तर अधिक दोनशे."

काकांचा ब्रश थांबला.

"पंप वेगळा, पेपर वेगळा," ते म्हणाले. "कामाला नेहमी वजा. मी असाच शिकलो, असाच लिहितो. स्वतःचं डोकं चालवायला गेलीस आणि पुन्हा आपटलीस, तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

तिच्या डोक्यात सणक गेली. पण दोनदा आपटलेल्या माणसाने काय बोलायचं? तिने वजा लिहिलं.

"रागावलीस?"

"नाही."

"नाकाचा शेंडा बघ आरशात."

तिला हसू आलं. मग तिने विचारलं, "काका, तुमचं शिक्षण कुठपर्यंत झालं?"

"बाकी सगळं कधीच झालं. हा एकच विषय धरून बसलोय."

एकच विषय, पण जन्मभर. माणूस असावा तर असा, तिला वाटलं.

"मग तुम्ही शिकवायला का नाही लागलात?"

"लागेन की," काका म्हणाले आणि धुतलेली नळी उजेडात धरून बघत बसले.

निघताना त्यांनी बजावलं, "हॉल नंबर चार असेल. खिडकीजवळचा तिसरा बाक मिळाला नाही म्हणजे मिळवलंस. तिथला पंखा फिरत नाही, आणि बाक डुगडुगतो."

तिला दाराजवळचा बाक मिळाला. पंखा फिरत होता. पहिलाच प्रश्न वायू दाबण्याचा, फक्त आकडे बदललेले. पुढची दोन गणितं त्याच्याच उत्तरावर बेतलेली. मिळून चोवीस मार्क. तेवढ्यात सुटण्यासारखं होतं.

क्षणभर तिला पंप आठवला. हाताला लागलेला चटका आठवला. मग तिने पेनाने ठळक वजा काढला आणि भराभर लिहीत सुटली. तिन्ही गणितं संपली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात कुठे अडला नव्हता.

पंचवीस मिनिटं झाली असतील. दार ढकलून काका आत आले. अंगात तोच भोक पडलेला कोट. पुरवण्या घेऊन आले असणार. तिने त्यांच्याकडे बघून हळूच अंगठा वर केला. काकांनी मान हलवली.

पर्यवेक्षक बाईंनी चष्म्यावरून बघितलं. गठ्ठ्यातला एक पेपर आणि एक कोरी उत्तरपत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

"आजही उशीर, काका? बसा, तुमचा नेहमीचाच, खिडकीजवळचा तिसरा. यंदा ही कितवी खेप?"

"एकोणिसावी," काका म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.